‘डक सूप’च्या प्रास्ताविकाबद्दल

प्रिय श्रीराम,

सप्रेम नमस्कार. फिल्म क्लबात मार्क्स बंधूंचा विनोदी चित्रपट ‘डक सूप’ दाखवतोयस, झकास. पण प्रास्ताविकाच्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य काढ. ‘1933 साली सिनेमा सपशेल आपटला आणि समीक्षकांनी पिसं काढली’ हे जिथे तिथे छापलेलं असतं, तितकं खरं नाही. आदल्या वर्षीच्या त्यांच्याच ‘हॉर्स फेदर्स’एवढा धंदा झाला नाही, निर्माती कंपनी पॅरामाउंट नाराज झाली, एवढंच. परीक्षणं संमिश्र होती. न्यू यॉर्क टाइम्सचं म्हणणं, गोंगाट फार आणि हसू आधीच्या चित्रपटांपेक्षा कमी.

वेळ द्यायचा तर या तक्रारीला दे. मार्क्स बंधूंच्या (ग्राउचो, हार्पो, चिको आणि झेपो) आधीच्या चारही चित्रपटांत मधेच हार्पो हार्प हे तंतुवाद्य घेऊन बसायचा, चिको पियानोवर बोटं नाचवायचा, शिवाय एखादी प्रेमजोडी असायची. प्रेक्षकाला तेवढाच दम खायला मिळायचा. दिग्दर्शक लिओ मॅकेरीच्या या चित्रपटात हार्प नाही, पियानोवादन नाही, झेपोला तर जेमतेम काम. 68 मिनिटं नुसता धुमाकूळ! पुढे एमजीएम स्टुडिओत निर्माता अर्विंग थालबर्गने कथानक, प्रेम आणि हार्प परत आणली, आणि 1935चा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ चांगला चालला. म्हणजे तेव्हा टीकाकारांचं बरोबर होतं असंच सगळ्यांना वाटलं असणार. साठच्या दशकात कॉलेजच्या पोरांनी ‘डक सूप’ डोक्यावर घेतला तो नेमका याच उणिवेसाठी.

आरशाच्या प्रसंगाबद्दल नुसतं ‘अजरामर’ म्हणून सोडू नकोस. कल्पना जुनी आहे, फ्रेंच विनोदवीर मॅक्स लिंडरने 1921 सालीच ती वापरली होती. इथली करामत वेगळी. आरसा फुटलेला, ग्राउचोच्या वेषातला हार्पो त्याचं प्रतिबिंब होऊन उभा. संवाद नाही, संगीत नाही. मग दोघं चौकटीतून गोल फिरून जागा बदलतात, आणि पुढे ‘प्रतिबिंबा’ची टोपी पडते तर ग्राउचो ती उचलून देतो! तिथे त्याला सगळं कळलेलं असतं, तरी खेळ मोडवत नाही. आपल्या बतावणीतला सोंगाड्या असाच वागला असता.

युद्धविरोधी उपहास हा मुद्दा मात्र जपून मांड. मुसोलिनीने इटलीत बंदी घातली हे खरं, पण त्यावरून ब्रेख्तसारखा राजकीय नाटककार उभा करू नकोस. शेवटच्या लढाईत ग्राउचोचा गणवेश दर शॉटला बदलतो, अमेरिकी यादवीतल्या दोन्ही बाजूंचे कपडे तो घालतो. बाजूच घ्यायची नाही, हीच त्यांची खोड. 2000 सालच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या विनोदी चित्रपटांच्या यादीत ‘डक सूप’ 5वा आला, हे एका ओळीत उरक.

आणखी एक. ग्राउचोच्या तोंडी कृष्णवर्णीयांबद्दल एक वाईट कोटी आहे. टीव्हीच्या काही प्रतींत ती कापलेली असते. तुझ्याकडची प्रत आधी पाहून घे. कोटी असेल तर दोन शब्दांत कल्पना दे, नाहीतर हॉलमध्ये नको तिथे शांतता पसरेल.

आणि आरशाची क्लिप भाषणात अजिबात दाखवू नकोस. टोपी पडते तेव्हा हॉल पहिल्यांदाच हसला पाहिजे.

तुझा,
अविनाश