सड्यावरचं गवत आणि सीझियमचा हिशेब

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. जैतापूरला अणुवीज प्रकल्प झाला आणि तिथे काही विपरीत घडलं, तर शेळ्या-गुरांचा धंदा किती वर्षं बसेल, असं तू विचारलंस. 'तीस वर्षं' हा आकडा सगळेच फेकतात. ते सीझियम-137 चं, म्हणजे अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारी द्रव्याचं, अर्धायुष्य: ते निम्मं उरायला लागणारा काळ. त्यावरून बोकडाच्या मटणाचा अंदाज बांधता येत नाही.

चेर्नोबिलचा स्फोट 26 एप्रिल 1986 चा. मेच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कंब्रिया आणि वेल्सच्या डोंगरांवर पाऊस झाला आणि ढगातलं सीझियम गवतावर उतरलं. जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर बंधनं आली, तेव्हा अंदाज होता काही आठवड्यांचा. शेवटची बंधनं उठली 2012 मध्ये! आकडेमोड सखल भागातल्या चिकणमातीवर बेतलेली होती. तिथे अभ्रकासारख्या खनिजांच्या पापुद्र्यांत सीझियम अडकून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही. डोंगरावरची आम्लधर्मी, कुजट माती त्याला धरून ठेवत नाही, त्यामुळे गवत ते दरवर्षी पुन्हा वर ओढतं.

आपली जांभ्याची माती कुजट नाही, पण तिच्यातही ती खनिजं कमी आणि पालाशही (पोटॅशियम) कमी. सीझियम हा पालाशचाच भाऊबंद. पालाश मिळाला नाही की मूळ त्याला उचलतं. म्हणून सड्यासाठी, जांभ्याच्या या पठारासाठी, चिकणमातीचे आकडे वापरू नयेत.

आता हिशेब. समज, वाळल्या गवतात किलोला 1000 बेकरेल (किरणोत्साराचं माप) आहेत. गाय दिवसाला 7 किलो खाते, म्हणजे 7000. त्यातला साधारण 0.5 टक्के दर लिटर दुधात उतरतो, म्हणजे 35. शेळी खाते सव्वा किलोच, पण तिच्या दुधात लिटरमागे 10 टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे 125. मटणात किलोमागे 30 टक्के, म्हणजे पावणेचारशे. थोडं खाणाऱ्या जनावराचा माल जास्त दूषित निघतो, हे लोकांना पटत नाही.

वर्षं काढायची ती अशी: गवतातलं प्रमाण निम्मं व्हायला माती जितकी वर्षं लावते ती, आणि सीझियमची 30, यांच्या व्यस्तांची (1 भागिले वर्षं) बेरीज करायची आणि उत्तराचा पुन्हा व्यस्त काढायचा. मातीची 5 असतील तर एकत्रित 4.3 येतात; मातीची 20 असतील तर 12. मटणात किलोला 8000 बेकरेल असतील आणि ब्रिटनमध्ये होती तशी 1000 ची मर्यादा धरली, तर तीनदा निम्मं व्हायला हवं. म्हणजे एकीकडे 13 वर्षं, दुसरीकडे 36. सगळा फरक त्या एका आकड्यात आहे आणि तो पुस्तकातून उचलायचा नाही, आपल्या सड्यावर मोजायचा. दरवर्षी त्याच जागेचं, त्याच महिन्यातलं गवत कापून प्रयोगशाळेत गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर (किरणांवरून सीझियम मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्यायचं. पावसात उडालेली माती पात्याला चिकटली की आकडा फुगतो, म्हणून बुंध्याचा भाग सोडून वरून कापावं. निदान चार-पाच हंगामांशिवाय उताराची रेघ ओढू नये. पहिल्या दोन वर्षांची घसरण नेहमीच जोरात असते आणि तीच पुढेही चालेल असं धरून चालणारा फसतो. नॉर्वेत अळंब्या भरपूर आलेल्या वर्षी त्या खाऊन शेळ्या-मेंढ्यांतलं सीझियम उलट वाढलं होतं.

अपघातात बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या द्रव्याची, आयोडीन-131 ची, गोष्ट वेगळी. त्याचं अर्धायुष्य 8 दिवस, 80 दिवसांत हजारावा भाग उरतो. तेवढे दिवस गुरं गोठ्यात बांधून झाकलेल्या उडवीतला पेंढा घालायचा. घटना वैशाखात घडली तर सड्यावर हिरवं काही नसतं, धोका उघड्या उडव्यांना. श्रावणात घडली तर थेट चाऱ्याला.

विकायच्या आधी बोकडाला पाच-सहा आठवडे स्वच्छ वैरण दिली तर अंगातलं सीझियम दोनदा निम्मं होतं. नॉर्वेत प्रशियन ब्लू नावाचं निळं रसायन मिसळलेले मिठाचे खडे चाटायला ठेवतात. ते आतड्यातच सीझियम पकडतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. म्हणजे शेण दूषित. ते राबाला जाळलंस तर सीझियम राखेत गोळा होऊन थेट भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, येईल, तेव्हा ते वेगळं साठवायचं. दुधाचं तूप मात्र चालतं, सीझियम ताकात राहतं.

वहिनींना नमस्कार. सड्याची आणि खाडीकाठच्या मळ्याची माती वेगवेगळ्या पिशव्यांत पाठव, वरच्या दहा सेंटिमीटरांतली.

तुझा,
विनायक