सूचना : रविवारी जुन्या कबरींची नोंद

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता जुन्या दफनभूमीच्या मुख्य फाटकाशी जमायचे आहे. वेळ पाळा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात, दुपारी तीच दिसेनाशी होतात.

- दगड घासू नका. तारेचा ब्रश, खडू, दाढीचा फेस, काहीही नको. अक्षरे लागत नसतील तर आरशाने बाजूने उजेड पाडा. (मागच्या खेपेचा खडू अजून गेलेला नाही!)
- शेजारच्या कबरींचेही फोटो घ्या, नातेवाईक पुष्कळदा तिथेच सापडतात.
- मजकूर चुकांसकट जसाच्या तसा उतरवा.

युद्धात गेलेल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांनी सैनिक क्रमांक आणि पलटण माहीत असल्यास लिहून आणावी. एकाच नावाचे अनेक जण निघतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत दगावलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था) यादीत पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरला आहे. म्हणजे युद्ध थांबल्यावर जखमांनी दगावलेलाही तिथे असू शकतो. ज्यांची कबर ठाऊक नाही त्यांची नावे स्मारकांवर कोरलेली असतात, तेव्हा कबर नाही म्हणून शोध सोडू नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे.