उमेदवाराच्या हिशोबात न येणारा प्रचार: मुख्य निवडणूक आयुक्तांना खुलं पत्र

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. २५ ऑक्टोबर २०१३ ला आयोगाने सोशल मीडियावरच्या प्रचाराबद्दल आदेश काढला होता. उमेदवाराने आणि पक्षाने काय करायचं ते त्यात नीट लिहिलंय, फॉर्म २६ मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात, आपली अकाउंट्स सांगा, जाहिरात आधी प्रमाणित करून घ्या, खर्च हिशोबात दाखवा. पण उमेदवारही नाही आणि पक्षही नाही अशा तिसऱ्याच माणसाने केलेल्या प्रचाराचं काय? त्यावर एवढंच लिहिलंय की केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाशी बोलून विचार चालू आहे. त्यानंतर लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या, आमच्या महाराष्ट्रात विधानसभेच्याही तीन झाल्या, आणि त्या विचाराचं पुढे काय झालं ते आम्हा मतदारांना काही दिसलं नाही.

खाली काय चालतं ते सांगतो. २०२४ च्या विधानसभेला आमच्या भागात जिल्ह्याचं नाव आणि पुढे आवाज, कट्टा, खबर असलं काहीतरी जोडलेली पेजेस अचानक जोरात चालू झाली, सगळ्या पोस्टच्या वर स्पॉन्सर्ड लिहिलेलं, म्हणजे कुणीतरी पैसे भरतंय. एकाची स्तुती, दुसऱ्याची बदनामी, रोज. आणि त्यातले व्हिडिओ कुठले, तर उमेदवाराच्या स्वतःच्या टीमने काढलेले ड्रोन शॉट्स, त्याच्या अधिकृत पेजवर यायच्या आधीच इथे हजर, तोच फॉन्ट, तेच गाणं, तीच घोषणा. निकाल लागला आणि पेज गप्प. हे सगळं एखाद्या हौशी समर्थकाने एकट्याने केलं असं कोण मानेल? पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाही कारण आमच्याकडे दोन्ही बाजूंनी हेच चाललं होतं.

विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. ती पाळली जाते का हे बघायला तुमची यंत्रणा किती बारीक काम करते ते मी पाहिलंय. खुर्चीचं भाडं, मांडव, चहा, वडापाव, सगळ्याचे दर जिल्ह्यात ठरतात, व्हिडिओवाले सभेत फिरतात, खर्च निरीक्षकाच्या माणसांकडे प्रत्येक उमेदवाराची वेगळी नोंदवही असते आणि उमेदवाराने दिलेला हिशोब तिच्याशी ताडून बघतात. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार स्टेजवर बसला किंवा तिथे त्याचा नुसता फोटो लागला तरी सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावावर पडतो. चांगला नियम आहे. मग तोच फोटो पैसे भरून हजारो लोकांच्या मोबाईलवर गेला तर तो खर्च कुणाच्याच नावावर का नाही?

कायद्यात जागा नाही असं म्हणू नका, साहेब. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ मध्ये उमेदवाराने स्वतः केलेला किंवा त्याने मंजूर केलेला खर्च मोजायचा आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं होतं की पक्षाने केलेला खर्च उमेदवाराला माहीत असेल, त्याने तो होऊ दिला असेल आणि फायदा घेतला असेल तर ती त्याची मंजुरीच समजायची. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला, पक्ष आणि मित्रमंडळींचा खर्च मोजायचाच नाही अशी मोकळीक दिली, आणि ती जवळजवळ तीस वर्षं चालली. २००३ च्या दुरुस्तीत ती मोकळीक गेली, आता सूट राहिली ती नेत्यांच्या प्रवासखर्चाला. म्हणजे १९७४ च्या निकालातलं तत्त्व आज वापरता येतं, वापरा ना.

अशोक चव्हाणांची केस आठवत असेल. २००९ च्या निवडणुकीत पेपरातल्या मजकुराचा आणि जाहिरातींचा खर्च त्यांनी हिशोबात दाखवला नाही, असा तो वाद. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिशोब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. आयोगाने त्यांच्याविरुद्ध आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. पाच वर्षं गेली, निकाल चव्हाणांच्या बाजूने. मला त्यातून एवढंच दिसतं की मंजुरी कशाला म्हणायची, पुरावा काय धरायचा, हे आधीच लिहून ठेवलं नाही तर नंतर कोर्टात काही टिकत नाही.

आणि शिक्षा बघा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली दंड किती, तर जास्तीत जास्त दहा हजार रुपये. आधी पाचशे होता. लाखो रुपये जाहिरातीत घालणाऱ्याला दहा हजाराची काय भीती? हे संसदेचं काम आहे मान्य, पण सरकारला तसं लिहून तर तुम्ही पाठवू शकता.

अमेरिकेत बाहेरच्या गटाने उमेदवाराशी संगनमत करून जाहिरात केली तर ती उमेदवाराला दिलेली देणगी धरतात. तिथेही पळवाटा भरपूर आहेत, आरोप सारखे होतात, पण निदान कशाला संगनमत म्हणायचं याचे निकष लिहिलेले आहेत.

सामान्य माणसाने आपल्या मनाने फुकट पोस्ट टाकली तर तिला हात लावू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय, कारण या निमित्ताने लोकांची तोंडं बंद व्हायला नकोत. प्रश्न फक्त पैसे भरून चालवलेल्या प्रचाराचा आहे. उमेदवाराचंच फुटेज, त्याचीच एजन्सी, त्याच दिवशी तीच घोषणा, यातलं काही सापडलं तर खर्च त्याच्या नोंदवहीत चढवा आणि नोटीस काढा, आपला संबंध नाही हे त्याला दाखवू दे. फॉर्म २६ मध्ये एजन्सीचं नाव मागा. मेटाची, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीची, ॲड लायब्ररी, म्हणजे तिथल्या जाहिरातींची यादी, सगळ्यांना उघडी आहे, २०२२ मध्ये पत्रकारांनी तीच उपसून असले आडून जाहिरात करणारे शोधून काढले होते, मग खर्च निरीक्षकांनी ती रोज बघायला काय अडचण आहे?

महापालिका, झेडपीचं राज्य निवडणूक आयोगाकडे असतं ते माहीत आहे, त्यांना वेगळं लिहीन. तुमच्याकडून मला २०१३ च्या त्या अर्धवट राहिलेल्या परिच्छेदाचं उत्तर हवंय, पुढच्या लोकसभेच्या आत आणि लेखी.

आपला,
महाराष्ट्रातला एक मतदार