कुइसेब घाटातल्या त्या दोघांचे आभार

नामिबियात सॉलिटेअरहून वॉल्व्हिस बेला जाणाऱ्या सी-१४ या खडीच्या रस्त्यावर, कुइसेब घाटाच्या अलीकडे आमच्या पिकअपचं मागचं टायर फाटलं. मोबाइलला रेंज नव्हती. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली, पण धुळीने साखळीची चरखी जाम झाली होती.

रस्तादुरुस्तीच्या गाडीतले दोघे न बोलावता थांबले. आधी पुढच्या चाकांना दगड लावले. बंपरजवळच्या भोकातून दांडी घातली, चरखीवर तेल सोडलं आणि हातोडीने हलकेच ठोकत साखळी मोकळी केली. जॅक वाळूत रुतत होता, म्हणून त्याखाली स्वतःच्या गाडीतली जाड फळी सरकवली. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल केले, मगच गाडी उचलली. नवं चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले.

नंतर चारही टायरांची हवा ३५ वरून २८ पीएसआयवर आणली. टणक टायर टोकदार खडीवर लवकर फाटतं, म्हणून. डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरा, ५० किलोमीटरवर नट तपासा आणि वेग ६०च्या वर नेऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पैसे घेतले नाहीत. उलट आमच्या बाटल्या त्यांच्या कॅनमधल्या पाण्याने भरून दिल्या, ती फळीही ठेवून घ्यायला लावली आणि घाट उतरेपर्यंत मागून येत राहिले. नावं विचारायची राहिली. दादांनो, मनापासून आभार.