ब्रॉडीबाईंना एडिंबऱ्यातच राहू दे

एडिंबरा,
रविवार

प्रिय मंजू,

तुझा बेत कळला. राज्य नाट्य स्पर्धेसाठी 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी' हे एडिंबऱ्यातल्या शाळामास्तरीणबाईंचं नाटक घ्यायचं आणि बाईंना १९३० च्या पुण्यात आणून नऊवारी नेसवायची. नऊवारी मंडळात सगळ्यांना पसंत पडली म्हणतेस, म्हणजे माझं काही चालणार नाही. तरी लिहितेच. रूपांतराच्या भानगडीत पडू नकोस. सरळ भाषांतर कर.

अगं, आपल्याकडे ध्येयवेडी शिक्षिका रंगमंचावर आली की प्रेक्षक आधीच हात जोडून बसतो. त्यात १९३० साल म्हटल्यावर तो तिला स्वातंत्र्यलढ्यातच नेऊन बसवणार. आणि बाईंच्या मुसोलिनीप्रेमाचं काय करशील? आपल्याकडेही तेव्हा त्याचे चाहते होते, हिंदुमहासभेचे डॉ. मुंजे १९३१ साली त्याला भेटून आले होते. तो धागा पुण्यात आणलास की चर्चा त्याचीच होईल आणि ब्रॉडीबाई विंगेतच राहतील.

त्या इथल्याच मातीच्या आहेत. मूळ कादंबरी लिहिणारी म्युरिअल स्पार्क याच गावची, जन्म १९१८चा. ब्रंट्सफिल्ड भागातल्या जेम्स गिलेस्पीज शाळेत क्रिस्टिना के नावाच्या बाई तिला शिकवायला होत्या, ब्रॉडीबाई त्यांच्यावरूनच सुचल्या. के बाईंच्या वर्गात भिंतीवर इटालियन चित्रकारांची चित्रं होती, आणि शेजारीच मुसोलिनीच्या फौजेच्या संचलनाचं कात्रण. कादंबरी १९६१ ची.

त्यात इथला कॅल्विनचा कडक ख्रिस्ती पंथ. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवानं आधीच ठरवून ठेवलंय, अशी ती शिकवण. ब्रॉडीबाई दर रविवारी आलटूनपालटून वेगवेगळ्या चर्चमध्ये जातात, आणि वर्गात करतात तेच! कोणती मुलगी कशासाठी नाव काढणार, कोण कुणाची प्रेयसी होणार, सगळं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. हे त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीला, सँडीला उमगतं, आणि तिथून नाटक फिरतं. शिवाय बाई आपला वंश डीकन ब्रॉडीपर्यंत नेतात, तेही ऐटीत. हा गृहस्थ दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि नगरपालिकेचा सभासद, रात्री घरफोड्या. १७८८ साली फासावर गेला. इथल्या लॉनमार्केट रस्त्यावर त्याच्या नावाचा पब आहे, पर्यटक बाहेर उभे राहून फोटो काढत असतात. असला पूर्वज तू सदाशिव पेठेत कुठून आणणार?

आता तो प्रसंग बघ. शरद ऋतू, बाई मुलींना घेऊन झाडाखाली बसल्यात. कुणी आलंच तर असावीत म्हणून पुस्तकं उघडून समोर धरायला लावलीत. आणि सांगतायत काय, तर आपल्या ह्यूची गोष्ट. वाग्दत्त वर, पहिलं महायुद्ध संपायला आठवडा उरला असताना फ्लँडर्समध्ये पडला. मुली रडतायत. तेवढ्यात मुख्याध्यापिका मॅके बाई येतात. रडताय का? ब्रॉडीबाई शांतपणे सांगतात, इतिहासाचा तास चालू आहे. इथे प्रेक्षक हसणार, आणि हसता हसता बाईंच्या बाजूला जाऊन बसणार. पण ती गोष्ट निव्वळ बनाव समजू नकोस. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे पुरुष युद्धात गेले, आणि शिक्षिकेनं लग्न केलं की नोकरी सोडावी लागायची. असल्या बाईला दहा वर्षांच्या मुलींखेरीज राज्य करायला दुसरं काय उरतं?

म्हणून एकच मागणं आहे, त्यांना खलनायिका करू नकोस. मध्यंतरापर्यंत प्रेक्षक त्यांच्या प्रेमात पडायलाच हवा. इटलीतला सर्वांत थोर चित्रकार कोण, असं विचारतात. एक मुलगी लिओनार्दो म्हणते. चूक! उत्तर जोत्तो, कारण तो बाईंचा आवडता. हे लाडिक आवाजात आलं पाहिजे, म्हणजे ती हुकूमशाहीच आहे हे लोकांना घरी गेल्यावर खुपेल.

संहिता जे प्रेसन ॲलनचीच घे. बाई टेक्ससच्या, पण रंगभूमीची जाण पक्की. लंडनला १९६६ साली व्हेनेसा रेडग्रेव्हनं केलं, ब्रॉडवेवर १९६८ मध्ये झोई कॉल्डवेलला टोनी पुरस्कार मिळाला. मॅगी स्मिथचा ऑस्कर १९६९ च्या चित्रपटासाठी, तोही ॲलननंच लिहिलेला. तो सिनेमा नटीला मात्र तालमी संपेपर्यंत दाखवू नकोस, नक्कल करत बसेल. डेव्हिड हॅरोवर या स्कॉटिश नाटककारानं २०१८ साली लंडनच्या डॉनमार थिएटरसाठी नवं नाट्यरूप केलं, लिया विल्यम्स होती त्यात. पण तुमच्या मंडळाला ॲलनच झेपेल. नन झालेल्या सँडीची मुलाखत घ्यायला पत्रकार येतो आणि तिच्या आठवणींतून शाळा उभी राहते, म्हणजे नेपथ्याचा खर्चही कमी.

मेरी मॅकग्रेगरसाठी मात्र चांगली मुलगी शोध. ती वर्गातली बावळट, बाई तिलाच सारखं बोलतात. कादंबरीत ती तेविसाव्या वर्षी हॉटेलच्या आगीत मरते, आणि बाईंचं ऐकून स्पेनच्या यादवी युद्धाला निघणारी मुलगी वेगळीच. ॲलननं दोघींची एक केली. स्पेनला जाते ती मेरीच, आणि मरतेही. कादंबरीवाल्यांना हे रुचत नाही, मला नाटक म्हणून पटतं. पहिल्या अंकात जिच्यावर आपण सगळे हसलो तीच गेलेली असते.

प्रयोगाच्या हक्कांचं आधी विचार, सेट नंतर. आणि सँडी कोण करणार ते कळव. त्या गोखल्यांच्या धाकटीला घेणार असशील तर तिला म्हणावं, चष्मा काढू नकोस.

तुझी,
वसू