विषय: खोलीमापक यंत्राच्या फाइलमधील बाइटक्रम न कळवता बदलल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

पाण्याची खोली नोंदवणारे आपले यंत्र आमच्या मच्छीमार संस्थेच्या नौकांवर बसवले आहे. वादळवारा सुटला की हर्णैच्या नौका आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, म्हणून यंत्रातल्या फाइलवरून मी खोलीचा नकाशा काढून तांडेलांना, म्हणजे नौकाप्रमुखांना, देतो.

फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत केलेल्या नौकांच्या फाइलवर आता विसंबता येत नाही. आपल्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की खोली सेंटिमीटरमध्ये, दोन बाइटच्या पूर्णांकात, बिग-एंडियन पद्धतीने म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, साठवली जाते. नव्या फर्मवेअरने हा क्रम उलटा केला. साडेबारा मीटर म्हणजे १२५०. त्याचे बाइट ४ आणि २२६, कारण ४ गुणिले २५६ अधिक २२६. उलट वाचले की ५७८६० येतात. पाचशे मीटरच्या वर खोली दिसली तर आकडा चुकला हे कुणालाही कळते.

खरा धोका उथळ पाण्यात आहे. २५८ सेंटिमीटरचे बाइट १ आणि २. उलटले की होतात ५१३. अडीच मीटर पाण्याच्या जागी नकाशा पाच मीटर दाखवतो, आणि खाडीत तो आकडा शक्य वाटतो. ५१४ चे दोन्ही बाइट २ असल्याने तो कसाही वाचला तरी बरोबरच येतो, त्यामुळे फसगत आणखी वाढते. एका तांडेलाने ओहोटीला बांबू टाकून पाणी मोजले म्हणून नौका रुतायची वाचली. नौकेवर माणसे असतात, महोदय.

आपल्याकडून उत्तर आले, ‘तुमचा प्रोग्राम तपासा.’ तोच प्रोग्राम जुन्या फर्मवेअरच्या फाइल आजही अचूक वाचतो. इंटेलचे प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात, इंटरनेटच्या प्रोटोकॉलमध्ये मोठ्या किमतीचा आधी जातो. दोन्ही रीती चालतात. प्रोग्राममध्ये क्रम बदलणे एका ओळीचे काम आहे. पण कोणत्या फाइलसाठी बदलायचा? आपल्या फाइलच्या मथळ्यात आवृत्ती क्रमांक जुनाच आहे, आणि जुन्या-नव्या फाइल एकाच फोल्डरमध्ये येतात. टिफ चित्राच्या फाइलमध्ये पहिली दोन अक्षरे ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ असतात आणि पुढे त्याच क्रमात ४२ हा आकडा असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला क्रम कळतो आणि पडताळताही येतो. तेवढी खूण आपल्याला सहज ठेवता आली असती.

कोणत्या आवृत्तीपासून क्रम बदलला ते लेखी कळवावे. मथळ्यात बाइटक्रमाची खूण असलेले फर्मवेअर विनाशुल्क द्यावे, आणि हे यंत्र घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला आजच सूचना पाठवावी. दोन्ही प्रकारच्या नमुना फाइल सोबत जोडल्या आहेत.

आपला,
संगणक विभाग, मच्छीमार संस्था
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी