आमच्या गल्लीच्या व्हॉल्वमन भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

पाण्याची लाइन आणि रस्ता दोन्ही पुरं झाल्यावर आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव झाला की कंत्राटदार, कामावरचे अभियंते आणि तुम्ही, अशा तिघांना आभाराची पत्रं द्यायची. पहिली दोन लेटरहेडवर चार-चार ओळींत उरकली. तुमचं काही केल्या चार ओळींत मावेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, सविस्तर लिहा आणि सगळ्यांनाच वाचू द्या. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. "अजून नोकरीत आहे ताई, नाव नको," असं तुम्हीच बजावलंत. गल्लीत ते कुणाला वेगळं सांगायची गरजही नाही. व्हॉल्व फिरवायची टी-आकाराची लांब चावी खांद्यावर टाकून पहाटे इथून जाणारा माणूस एकच आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. डोंबिवली पूर्वेच्या जुन्या भागातली आमची गल्ली. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती, मध्येच पुनर्विकासात उभा राहिलेला एक टॉवर आणि अजून तग धरून असलेले बंगले. डांबरावर डांबर चढत गेलं तसा रस्ता उंच होत गेला आणि तळमजले खाली गेले. जुलैत गल्लीतलं पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर यायचं. त्या डांबराखाली बिडाची जुनी लाइन होती आणि तिला इमारतींचे जीआय पाइप जोडलेले. या वेळी पाइप आणि रस्ता ही दोन्ही कामं एकत्र निघाली आणि तीही बरोबर क्रमाने, आधी पाइप आणि मग काँक्रीट. आपल्याकडे एवढीशी गोष्टसुद्धा कौतुकाने सांगावी लागते.

हा क्रम का महत्त्वाचा, ते मला तुमच्याकडून कळलं. डांबर उकरता येतं आणि पुन्हा भरता येतं. काँक्रीट एकदा धरलं की खालची गळती काढायला ब्रेकर लावावा लागतो, आणि फोडून भरलेला तुकडा मूळ स्लॅबशी काही एकजीव होत नाही. गळती तशीच सोडली तर पाणी खालची भर हळूहळू वाहून नेतं, स्लॅब पोकळीवर उभा राहतो आणि एक दिवस कचऱ्याची गाडी गेली की तडकतो. म्हणजे काँक्रीट पडायच्या आधी जे राहिलं ते राहिलंच.

आणि राहण्यासारखं पुष्कळ होतं. सुपरवायझरच्या हातातल्या नकाशावर गल्लीभर एक सरळ रेघ होती आणि तिला काटकोनात फुटलेले फाटे होते. तुम्ही तो नकाशा उभा-आडवा धरून पाहिलात, घडी घालून परत दिलात आणि फक्कीची पिशवी मागितलीत. मग पुढे तुम्ही, मागे सुपरवायझर आणि त्याच्यामागे आम्ही निवृत्त मंडळी, अशी वरात निघाली. "इथे टॅपिंग आहे, इमारतीची जोडणी. इथून लाइन वळते, कारण इथे विहीर होती, बुजवली. हा फाटा मेलेला. हा मेलेला दिसतो, पण चालू आहे."

त्या शेवटच्या फाट्यावरून जे झालं त्याबद्दल खरं तर स्वतंत्र पत्र लिहायला हवं. टॉवरच्या जागी पूर्वी चाळ होती. चाळ पाडली तेव्हा तिचं कनेक्शन बंद केल्याची नोंद होती आणि ती खोटी नव्हती. पण त्याच फाट्यावरून मागच्या बंगल्यांना आणि बालवाडीला पाणी जातं, हे कागदावर कुठेच नव्हतं. सुपरवायझरला पटेना. तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. खड्ड्यात उतरून लोखंडी कांब पाइपला टेकवलीत, वरच्या टोकाला कान लावलात आणि मग त्यालाही कान लावायला लावलात. पाणी चालल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला आणि तो फाटा नव्या लाइनवर घेतला गेला. नाहीतर बालवाडीचा नळ कोरडा का, याचा शोध आम्ही काँक्रीटवर उभं राहून घेत बसलो असतो.

जुना पाइप कापून वर आला तेव्हा तुम्ही मुलांना बोलावून दाखवलात. आतून गंजाच्या गाठी धरून भोक जेमतेम अर्धं उरलं होतं. अर्ध्या भोकातून अर्धं पाणी येत असेल, असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त अभियंत्यांनी तिथेच हिशोब मांडला. तेवढ्याच दाबाला व्यास निम्मा झाला की पाणी जेमतेम सहावा हिस्सा येतं. वर्षानुवर्षं "वरून पाणीच कमी सोडतात" म्हणून तुमच्याशी भांडलेली माणसं त्या पाइपाकडे पाहून जरा वेळ गप्प झाली. तुम्ही कुणालाही "बघा, मी म्हणत होतो" असं म्हणाला नाहीत. मी म्हटलं असतं.

नवे पाइप डीआयचे, म्हणजे डक्टाइल आयर्नचे आले, आतून सिमेंटचं अस्तर असलेले. जोडाला रबराची रिंग, पाइप ढकलला की बसला. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा बिडाच्या पाइपांचे जोड शिसं वितळवून, ओतून, ठोकून भरायचे. त्यामुळे त्या रिंगकडे तुम्ही पहिले काही दिवस संशयाने बघत होतात. दाबाची चाचणी झाली, काटा हलला नाही, तेव्हा "बरी आहे" एवढंच प्रमाणपत्र दिलंत.

आता त्या रात्रीबद्दल. जुन्या लाइनवरून नव्या लाइनवर जायचं होतं. शटडाउन मंगळवारचा होता, पण काम रात्रीपर्यंत लांबलं. आम्ही काहीजण खाली खुर्च्या टाकून बसलो होतो, चहा चालू होता. बालवाडीच्या बाईंनी विचारलं की हे पाणी येतं तरी कुठून, आणि तुम्ही सांगायला लागलात. उल्हास नदीचं पाणी कल्याणच्या बाजूला उपसतात, नेतिवलीला शुद्ध होतं, हे आम्हाला माहीत होतं. पण त्या नदीला उन्हाळ्यात जे पाणी असतं त्यातलं पुष्कळसं मावळातल्या आंध्रा धरणाचं, हे किती डोंबिवलीकरांना ठाऊक असेल? आंध्रा नदी खरं तर भीमेच्या खोऱ्यातली, घाटावरून पूर्वेला जाणारी. धरणाने अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरात येतं. ते वीजघर १९२२ सालचं. तिथे वीज करून झाली की पाणी उल्हासमध्ये सोडतात. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायचं पाणी आधी टर्बाइन फिरवतं आणि मग आमच्या मोरीत येतं! मी बँकेत उभी हयात घालवलेली बाई, रोज सकाळी हंडा भरत होते आणि मला याचा पत्ताही नव्हता.

पाणी आलं ते पहाटेच्या सुमारास, आधी लालसर, मग दुधासारखं पांढरट. लोक बादल्या घेऊन तयारच होते. तुम्ही मजल्यामजल्यावर जाऊन सांगितलंत की नवी लाइन क्लोरीनने धुतली आहे, आता वॉशआऊटने, म्हणजे लाइन धुऊन रिकामी करायच्या व्हॉल्वने, ते पाणी बाहेर जाऊ द्या, हे प्यायचं नाही, टाकीतही घ्यायचं नाही. पांढरं दिसतं ती हवा आहे, भांडं ठेवलं की निवळेल. लाल आहे ते मात्र सोडून द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे उतरता येत नाही. त्यांच्यासाठी टँकरचे दोन हंडे तुम्ही स्वतः वर नेलेत. पुढे रोज पाण्यातलं क्लोरीन तपासायची, ओटी टेस्टची ती छोटी पेटी घेऊन यायचात. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळी झाक येते का, ते गेटवर सगळ्यांसमोर दाखवायचात. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत पोचलं पाहिजे, हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ आहे.

मोटारीचं प्रकरणही तेव्हाचंच. दाब नीट बसेपर्यंत एका इमारतीने थेट लाइनवरच मोटार लावली. दुसरा कुणी असता तर नोटीस धाडून मोकळा झाला असता. तुम्ही त्यांच्या सेक्रेटरीला गटाराशेजारच्या उघड्या खड्ड्यापाशी नेऊन उभं केलंत आणि विचारलंत, "ओढलं तर हे कुठे जाईल?" लाइनमधला दाब मोटारीने शोषून घेतला की फुटक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. कावीळ अशीच घरोघर पोचते. मोटार त्याच संध्याकाळी उतरली.

तरी मला विचाराल तर तुमचं सर्वात मोठं काम म्हणजे आडवे टाकलेले ते मोठे पाइप. प्रत्येक गेटसमोर रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक रिकामा पाइप काँक्रीटखाली ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाचं कनेक्शन बदलायचं झालं तर त्यातून ओढता येईल, रस्ता फोडावा लागणार नाही. कामात काही ठिकाणी ते धरलेलेच होते, सगळीकडे नव्हते. तुम्ही चतुर्थ श्रेणीतले, तुमचं कोण ऐकणार, असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही कनिष्ठ अभियंत्यांना गल्लीत आणलंत, प्रत्येक गेट दाखवलंत आणि त्यांनी ऐकलं. त्यांचंही श्रेय आहेच. त्यांच्या चार ओळींच्या पत्रात ते आलं आहे.

त्यानंतरचा काँक्रीटचा भाग सगळ्यांनी पाहिलाच. वाफे करून पाणी साठवलं, गोणपाटं भिजवली, मुलांनी सायकली कुठे फिरवायच्या यावरून भांडणं झाली. मधल्या काळात कुणा केबलवाल्यांच्या माणसांनी रात्री येऊन कडेची माती उकरली आणि एका इमारतीची लाइन फोडून निघून गेले. तीही तुम्हीच रविवारी सकाळी जोडलीत.

सगळं छान झालं असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत दाब पोचत नाही, तो अजूनही खालच्या टाकीपुरताच आहे. त्याला नुसती गल्लीतली लाइन पुरणार नाही. कोपऱ्यावरच्या सोनमोहराची मुळं एका बाजूने तोडली गेली. येत्या पावसाळ्यातल्या वाऱ्यात तो कसा उभा राहतो, याची मला धास्ती आहे. आणि काँक्रीटचं मला तितकंसं प्रेम नाही. दुपारी भट्टीसारखं तापतं आणि पावसाचा थेंब जिरू देत नाही. पण त्याखाली काय आहे याबद्दल मी निश्चिंत आहे, आणि हे मी डोंबिवलीतल्या दुसऱ्या कुठल्याही रस्त्याबद्दल म्हणू शकत नाही.

शाल-श्रीफळ तुम्ही नको म्हणालात, पाकीट तर त्याहून नको. मग आम्ही दुसरंच काही केलं. तुमच्या फक्कीच्या खुणा पुसण्याआधी मी त्यांचे फोटो काढून ठेवले होते. त्या फोटोंवरून आणि तुमच्या बोलण्यावरून शेजारच्या त्या अभियंत्यांनी गल्लीचा नकाशा काढला आहे. प्रत्येक व्हॉल्व, प्रत्येक टॅपिंग, आडवे पाइप, सगळं कुठल्या गेटपासून किती फुटांवर आहे त्यासकट. एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात लावली, एक पिठाच्या गिरणीत, एक बालवाडीत. एक पाणी खात्याच्या कार्यालयात देणार आहोत, पण आधी तुम्ही तपासल्याशिवाय नाही.

कारण एका जागी प्रश्नचिन्ह आहे. गिरणीसमोरच्या वळणावर वॉशआऊटचा व्हॉल्व डाव्या हाताला दाखवलाय. गिरणीवाले शपथेवर सांगतात, उजव्या. फोटोत त्या जागी नेमकी जेसीबी उभी आहे. येत्या मंगळवारी पाणी नाहीच, तेव्हा थोडा मोकळा वेळ असेल तर या. तुमच्या हाताखाली तो नवा मुलगा आलाय ना, त्यालाही आणा आणि व्हॉल्वचं झाकण त्यालाच उघडू द्या.

आपली,
सोसायटीची सेक्रेटरी
ब विंग, दुसरा मजला